बत्तीस इंच

बेसिन बदलायला प्लंबर बोलवायचा नाही, हे मोजणीदारांनी शनिवारीच जाहीर करून टाकलं.

"प्लंबरचं माप म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे," ते म्हणाले. "दोन ब्रॅकेट ठोकायचे, चार नट आवळायचे. त्याला माणूस कशाला हवा?"

बेसिन उचलून धरायला तर माणूस लागणारच होता. पण ते काम वहिनींचं, आणि वहिनींना त्यांनी माणसांत धरलेलं नव्हतं.

जमीन मोजणीच्या कचेरीत सव्वीस वर्षं काढलेला हा गृहस्थ. दोन भावांत हद्दीवरून डोकी फुटायची वेळ आली की यांना बोलावणं यायचं, आणि यांनी खुंटी ठोकली की ती दगडावरची रेघ. गल्लीतही सगळे त्यांना मोजणीदारच म्हणत, आणि त्यांच्या बायकोला वहिनी. घरातही माप सुटत नसे. दोरीवर वाळत घातलेल्या दोन कपड्यांमधलं अंतर कमीजास्त झालं तरी ते जाता जाता नीट करून जात. वहिनींनी बावीस वर्षं हे निमूट पाहिलं होतं.

न्हाणीघर अरुंद होतं. भिंतीला आठ-आठ इंचांच्या पांढऱ्या टाइल्स, वर धुरकट काचेची खिडकी, आणि दाराशेजारी ते जुनं साईच्या रंगाचं बेसिन. नळापासून जाळीपर्यंत त्याला केसासारखा तडा गेला होता आणि खाली सारखी ओल यायची. पण मोजणीदारांचा राग तड्यावर नव्हताच. राग उंचीवर होता. बेसिन जमिनीपासून जेमतेम पंचवीस इंचांवर होतं आणि मोजणीदार सहा फुटांना एक बोट कमी. रोज दाढी करताना त्यांना कमरेतून वाकावं लागायचं.

ते तसं बसवून घेतलं होतं आक्कांनी.

आक्का म्हणजे मोजणीदारांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा आक्का तेरा वर्षांच्या आणि भाऊ दीड वर्षाचा. भाऊ त्यांच्या कडेवर वाढला आणि आक्का जणू तिथेच खुंटल्या. एका अंगाला कलून कलून पाठीला बाक आला. उंची साडेचार फुटांच्या पुढे गेलीच नाही. लग्नाचा विषय कुणी काढला नाही आणि त्यांनीही काढू दिला नाही. टपाल कचेरीत नोकरी लागली तेव्हा पहिल्याच वर्षी त्यांनी हे बेसिन आणलं, समोर उभ्या राहिल्या आणि गवंड्याला म्हणाल्या, "इथं लाव." त्या घरात त्यांच्या मापाची तेवढी एकच वस्तू होती.

आता आक्का नव्हत्या. तीन वर्षांपूर्वी त्या घरातून गेल्या होत्या, आणि त्यानंतर आठ महिन्यांनी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, एका भाड्याच्या खोलीत वारल्या.

रविवारी सकाळी नाश्ता उरकून दोघं कामाला लागली. मोजणीदारांनी पाण्याचा कॉक बंद केला. वहिनींनी खाली बादली धरली. गंजलेले नट रडवणार म्हणून पाना, तेल, हातोडी अशी सगळी तयारी होती. पण पाना लावला आणि नट लोण्यातून निघावेत तसे निघाले.

"बघ, गंज नुसता वरवरचा होता," मोजणीदार म्हणाले.

वहिनींच्या हातात बेसिनची कड होती आणि ती कोमट लागत होती, नुकतंच कुणी गरम पाण्यानं हात धुऊन गेल्यासारखी.

जुनं बेसिन मागच्या अंगणात नेऊन मोजणीदारांनी हातोडीनं फोडलं. गोणीत भरायचं तर चार घाव पुरले असते. ते घालतच राहिले. तुकड्यांचे तुकडे झाले, मग खडे झाले, मग भुगा. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"अहो, पुरे," गोणीचं तोंड धरून उभ्या असलेल्या वहिनी म्हणाल्या.

"चाळीस वर्षं वाकवलंय यानं मला," ते म्हणाले, आणि आणखी एक घाव घातला.

नवीन बेसिन पांढरंशुभ्र होतं. मोजणीदारांनी तीनदा माप घेतलं, पेन्सिलीनं रेघ ओढली, पाणसळ लावून पाहिली. मग टेपचं टोक वहिनींच्या हातात दिलं.

"वाच."

"बत्तीस."

"बरोब्बर चार टाइल्स. कड सांध्याला सांधा."

ड्रिलनं भोकं पडली, त्यांत प्लॅस्टिकचे फिशर बसले, ब्रॅकेट लागले. वहिनींनी छातीशी धरून बेसिन तोललं आणि त्यांनी खालून नट आवळले. सांडपाण्याचा बॉटल ट्रॅप, नळाची जोडणी, आट्यांना टेफलॉनची टेप, भिंतीशी सिलिकॉनची पट्टी. दुपारी दोनला पाणी सुरू केलं तर एक थेंब गळेना. मोजणीदार समोर ताठ उभे राहिले, सावकाश हात धुतले आणि आरशात स्वतःकडे बघून हसले.

"आता हे घर माझ्या मापाचं झालं."

बुधवारी सकाळी वहिनी दात घासत होत्या. बेसिनच्या कडेच्या वर टाइलचा सांधा दिसत होता. मधे दोन बोटं पांढरी पट्टी. कड तर सांध्यालाच होती ना? डोळ्यांचा खेळ असेल म्हणून त्यांनी चूळ भरली आणि विषय सोडला.

गुरुवारी मोजणीदारांच्या ते लक्षात आलं. अर्ध्या दाढीवर साबण तसाच, हातात टेप.

"तीस," ते म्हणाले. "धरताना तू खाली ओढलंस."

"भोकं तुम्ही पाडलीत," वहिनी म्हणाल्या. "मी ओढून भोकं खाली कशी येतील?"

मोजणीदारांनी कचेरीला रजा टाकली, पाणी बंद केलं आणि बेसिन उतरवलं. सिलिकॉनची पट्टी सलग होती, कुठे ताणलेली नाही, तुटलेली नाही. ब्रॅकेट भिंतीत घट्ट होते, पण तीस इंचांवर. आणि रविवारी जिथे त्यांनी भोकं पाडली होती, तिथली टाइल साफ होती.

त्यांनी तिथून बोट फिरवलं. मग नख फिरवलं. मग खिशातला चष्मा काढून अगदी जवळून पाहिलं. बुजवलेलं भोक कितीही सफाईनं बुजवलं तरी नखाला लागतं. इथं काहीच लागत नव्हतं. भट्टीतून आली तेव्हापासून त्या टाइलला कुणी धक्काही लावलेला नव्हता.

"माप घेताना तुमचा काही गोंधळ तर..." वहिनींनी सुरुवात केली.

"ड्रिल दे," ते म्हणाले.

पुन्हा बत्तीसवर भोकं पडली. या वेळी त्यांनी शेजारी खिळ्यानं खूण कोरली, तारीख घातली. शनिवारी बेसिन अठ्ठावीसवर होतं. खूण आणि तारीख जागच्या जागी. भोकं नाहीत.

आणखी दोनदा त्यांनी ते वर बसवलं, आणखी दोनदा ते खाली आलं; आधीपेक्षा लवकर, आधीपेक्षा जास्त. खाली येताना कुणी पाहिलं नाही. आवाज नाही, पाण्याचा थेंब नाही, पाणसळ लावावी तर बुडबुडा मधोमध. कामात खोट काढायला जागा नव्हती. मोजणीदारांनासुद्धा इतकं नीट जमलं नसतं.

मग त्यांनी हत्यारं पेटीत ठेवून दिली.

"बघू कोण दमतं ते," ते म्हणाले. कुणाला उद्देशून, ते त्यांनी सांगितलं नाही.

"तोवर स्वयंपाकघरात तोंड धुवा ना. सिंक आहे तिथं."

"का? घर माझं आहे. माझ्या घरात मी चोरासारखं ओट्यावर तोंड धुऊ?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं झालं. बावीस इंच झालं तेव्हा ते गुडघे टेकून दाढी करू लागले. आरसा वरच राहिला होता, म्हणून चाचपडत करायचे. गालावर रोज एखादी रेघ उमटायची. अठरा झालं तेव्हा गुडघ्यांखाली टॉवेलची घडी आली. कचेरीत मात्र जायचे ते ताठ, इस्त्रीच्या शर्टात, हनुवटी वर करून.

वहिनी दारातून बघायच्या. कबूल करायला लाज वाटली असती, पण त्यांना बघायला आवडायचं. हा माणूस त्यांच्यापुढे, कुणापुढेच, कधी वाकला नव्हता. कपाटातल्या साड्यांच्या घड्या हा टेपनं तपासायचा. आता तो न्हाणीघराच्या ओल्या जमिनीवर ढुंगण वर करून बसला होता. 'बरं झालं,' असं त्यांच्या मनात आलं. अगदी स्पष्ट, शब्दांत आलं. आणि लगेच त्यांनी मागे वळून पाहिलं, कारण शब्द आपलेच होते याची त्यांना खात्री वाटेना.

त्याच दिवशी, मोजणीदार कचेरीत गेल्यावर, त्यांनी प्लंबरला बोलावलं.

प्लंबर पिकल्या मिशांचा, बोलका माणूस होता. न्हाणीघरात पाऊल टाकताच हसला. "काय वहिनी, नातवंडांची सोय आत्तापासूनच?" मग उकिडवा बसून त्यानं बेसिनखाली बॅटरी मारली, आणि हसू आवरलं.

"हे कुणी बसवलं?"

"आमच्या यांनी. महिनाभर झाला."

"महिनाभर?" त्यानं ब्रॅकेटवर अंगठा घासला. अंगठ्याला काळपट पूड लागली. "फिशर कुठेयत? हे ब्रॅकेट सिमेंटात बसवलेत. जुन्या पद्धतीनं. असं आता कुणी करत नाही. हे काम तीस-पस्तीस वर्षांचं तरी आहे, वहिनी. बेसिन नवीन, आणि बसवणी एवढी जुनी... छे."

"काढून वर बसवून द्याल का?"

तो उठला. नळ सुरू करून हात धुवायला वाकला, अर्ध्यावर थांबला, आणि हात न धुताच सरळ झाला. मानेवरून तळवा फिरवत म्हणाला, "मी यात पडत नाही. राग मानू नका." चपला घालायलाही तो दारात थांबला नाही, हातात घेऊनच फाटकाबाहेर गेला.

संध्याकाळी वहिनींनी मोजणीदारांना चहा दिला आणि समोर बसल्या. तीन वर्षांत त्या घरात जे नाव निघालं नव्हतं ते काढलं.

"आक्का आहेत त्या."

मोजणीदारांनी कप खाली ठेवला. "मेलेली माणसं बेसिन बसवत नाहीत."

"एकदा म्हणा ना त्यांना, चुकलं म्हणून. तिथंच उभं राहून म्हणा. आपलं काय जातंय?"

"काय चुकलं? कागद रीतसर होता. तिची सही होती. साक्षीदाराची सही होती." त्यांनी वहिनींकडे रोखून पाहिलं. "की नव्हती?"

होती. वहिनींचीच होती. आईनं घर दोघा भावंडांच्या नावानं ठेवलं होतं. मोजणीदारांनी एका सकाळी आक्कांपुढे कागद ठेवले. म्हणाले, छप्पर दुरुस्त करायचं आहे, परवानगीचा अर्ज आहे. आक्कांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू पिकत आला होता. त्यांनी कागद नाकाशी धरला, खाली ठेवला आणि वहिनींना विचारलं, "तू वाचलंयस ना गं?"

वहिनींनी वाचलं होतं. हक्क सोडल्याचा कागद होता तो. "हो आक्का," त्या म्हणाल्या होत्या, "छपराचाच आहे."

महिन्याभरानं गाडी आली. आक्कांची एक पेटी आणि एक वळकटी. गाडीत बसायच्या आधी त्या म्हणाल्या, तोंडावर जरा पाणी मारून येते. मोजणीदार म्हणाले, गाडीवाला खोळंबलाय, तिकडं गेल्यावर मार. आक्का बरं म्हणाल्या. शिव्याशाप दिले असते, रडल्या असत्या, तर वहिनींना पुढची तीन वर्षं सोपी गेली असती. त्या फक्त दोघांकडे बघत राहिल्या, आळीपाळीनं, डोक्यापासून पायापर्यंत. कापड घेण्याआधी माणूस अंगावर अंदाज घेतो ना, तसं.

"मी कुणापुढं वाकत नाही," मोजणीदार म्हणाले आणि चहा तसाच टाकून उठले.

आठवड्याभरानं बेसिन एका टाइलवर आलं. आठ इंच. खालचा ट्रॅप कुठे गेला, पाणी कुठून वाहून जात होतं, कळायला मार्ग नव्हता. पण ते जात होतं. मोजणीदार आता कोपरं टेकून, कपाळ जमिनीजवळ नेऊन तोंड धुवायचे.

त्या सकाळी वहिनी बाहेर कपडे वाळत घालत होत्या. न्हाणीघरातून नळाचा आवाज येत होता. चार शर्ट घालून झाले. चादर घालून झाली. नळ वाहतच होता.

"अहो?"

नुसता धारेचा आवाज.

वहिनी आत गेल्या. मोजणीदार दुमडून पडले होते, गुडघे पोटाशी, नाक बेसिनच्या तळाला टेकलेलं. नळाची धार त्यांच्या टाळूवर पडून दोन्ही कानांवरून वाहत होती.

वहिनींनी नळ बंद केला.

"उठा."

"उठता येत नाही." आवाज भांड्यातून यावा तसा आला.

"कंबर धरली का?"

"मानेवर हात आहे."

वहिनींना कुणी दिसलं नाही. उघडं दार, ओली जमीन, खिडकीतून येणारा मळकट उजेड. मोजणीदारांच्या मानेवरचे ओले केस मात्र एका जागी दबलेले होते. तेवढ्याच जागी.

"कुणाचा हात?"

मोजणीदारांनी मान उचलून पाहिली; ती उचलली गेली नाही.

"लहानसा आहे," ते म्हणाले.

वहिनी भिंतीला टेकल्या. "म्हणा. आता तरी म्हणा."

"चुकलं," मोजणीदार म्हणाले.

काही झालं नाही.

"चुकलं, आक्का. चुकलं गं माझं." नाक तळाला घासलं जात होतं, त्यामुळे शब्द बोबडे येत होते. दीड वर्षाचं पोर बोलावं तसे.

केस दबलेलेच राहिले. वहिनी उभ्या होत्या तिथून हलल्या नाहीत. बाहेर चादरीची सावली कुंपणावरून सरकत खाली उतरली, इतका वेळ ते चाललं. मग केस आपोआप सुटे झाले. त्यांची वेळ झाली म्हणून झाले. कुणी माफ केलं म्हणून नव्हे.

मोजणीदार उठले, पण सरळ झाले नाहीत.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढले, उजेडावर धरून पाहिले, पुन्हा काढायला लावले. मणका न् मणका जागच्या जागी होता. "यांना सरळ व्हायला अडचण काहीच नाही," डॉक्टर म्हणाले, आणि स्वतःच्या वाक्याचा त्यांनाच राग आला. मोजणीदार कमरेत दुमडून स्वतःच्या अंगठ्यांकडे बघत उभे होते. ते आता असेच उभे राहणार होते. कचेरी सुटली. खुंट्या ठोकायला दुसरा माणूस आला.

डॉक्टरांकडून परत आल्या त्या दिवशी वहिनींनी न्हाणीघराचं दार उघडलं. बेसिन चार टाइल्सवर होतं. बत्तीस इंच, कड सांध्याला सांधा. मोजणीदारांचा हात आता नळापर्यंत पोचत नव्हता. रोज सकाळी वहिनी तांब्यात पाणी घेऊन, खाली बसून, त्यांचं तोंड धुऊन द्यायच्या. ते डोळे मिटून घ्यायचे.

वहिनींनी आपल्यापुरतं उरकून घेतलं. एका दुपारी बेसिनपुढे उभ्या राहिल्या, नळाला हात लावून म्हणाल्या, "आक्का, मी वाचलं होतं. मी खोटं बोलले." नळातून एक थेंबही पडला नाही. कुणी मानेवर हात ठेवला नाही. बेसिन केसभरही हललं नाही. महिना गेला, दीड महिना गेला. वहिनी रात्री शांत झोपू लागल्या. मेलेल्या माणसाला सगळं ठाऊक असतं, आपला वाटा त्यात नव्हता, असं त्यांनी ठरवून टाकलं. घरात पहिल्यांदाच कपड्यांमधलं अंतर कुणी तपासत नव्हतं.

अशाच एका सकाळी त्या अंगणात चादर झटकत होत्या. पलीकडून शेजारीण आली. दोघींच्या अंगणांमध्ये विटांची भिंत होती आणि गेली कित्येक वर्षं दोघी त्या भिंतीवरूनच बोलायच्या.

"कसे आहेत हो मोजणीदार?"

"आहेत तसेच."

"आणि तुम्ही?"

"मी बरी आहे. मला काय धाड भरलीय?"

शेजारीण हसली, मग जरा थांबली. मान वाकडी करून भिंतीवरून अलीकडे बघायला लागली. "वहिनी, तुमच्या बाजूची जमीन खणलीत का हो?"

"नाही. का?"

"नाही म्हणजे, बोलताना पूर्वी तुमची हनुवटी दिसायची मला. हल्ली नुसते डोळेच दिसतात."

"अहो, घरातल्या सपाता घातल्यात," वहिनी म्हणाल्या आणि खाली पाहिलं.

त्या आधीच टाचा उंचावून उभ्या होत्या.